पायाळूची पाठ

माझ्या पाठीत दोन सळया आहेत, त्यांना धरून ठेवणारे स्क्रू आहेत आणि खालच्या मणक्यांच्या फटींत ठोकळे बसवले आहेत. बाहेरून बघाल तर बोटाच्या पेराएवढे काही व्रण, थोडे पाठीवर, थोडे कुशीवर. बघणारा म्हणतो, "एवढंच?" माझा सगळा राग त्या एका शब्दावर आहे.

मी शिरूरला ब्लाउज शिवते. मागच्या महिन्यात एक बाई कापड घेऊन दुकानात आली. माप घ्यायला तिच्या पाठीवर टेप ठेवला आणि माझा हात थांबला. एक खांदा उतरलेला, एका बाजूच्या फासळ्या वर आलेल्या. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "ताई, तुमचं पाठीचं आप्रेशन झालंय म्हनं. मलाबी सांगितलंय करायला. घरात कुनी ऐकतच न्हाई." आणि रडायला लागली. बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवून मी तिला दुपारपर्यंत सगळं सांगितलं. तेच इथं लिहिते आहे. तिला सांगताना शिव्या जरा जास्त होत्या.

माझी मुलगी रेखा म्हणते, "आई, आजारपणाचं लिहायचं म्हणजे आधी देवाचे, डॉक्टरांचे, घरच्यांचे आभार मानायचे असतात." डॉक्टरांचे मानते. बाकीच्यांचं पुढं बघू.

उजवा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. आमच्याकडं समज असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळू माणसानं तिथं लाथ मारायची, दुखणं उतरतं. माझं माहेर दौंड तालुक्यातलं, धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, वडील शेती करून एका जागी बसले. मला धड उभं राहता येत नव्हतं तेव्हापासून चुलते मला काखेत धरून एकेकाच्या कमरेवर उभी करायचे. सगळे हसायचे, मला गुळाचा खडा मिळायचा. त्या वयात मला त्याचं कौतुकच वाटायचं.

लग्नाच्या बोलण्यात सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, माझं शिक्षण विचारलं नाही की शिवण येतं का ते विचारलं नाही. "पोरगी पायाळू हाय न्हवं? मग बास," म्हणाल्या. घोड नदीच्या काठावरच्या आमच्या गावात तेव्हा दुसरं कुणी पायाळू नव्हतं. हळद उतरायच्या आत दारात माणसं यायला लागली. सकाळी, मी काही खायच्या आधी. आलेला माणूस ओसरीवर पोतं टाकून पालथा पडायचा. मी भिंतीला हात लावून डाव्या पायावर उभी राहायची आणि उजव्या पायानं तीनदा लाथ मारायची. हलकी, पण लागली पाहिजे. माणूस वयानं मोठा असला, की लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं, कारण त्याला माझा पाय लागला. म्हणजे लाथ मारायचं कामही माझं आणि माफी मागायचंही माझंच.

गुण यायचा का? उसण काही न करताही दोन-तीन दिवसांत उतरते. पण आमच्या घराला गावात मान होता तो या पायामुळं. ज्या घरांत आम्हाला कधी चहाला बोलावलं नव्हतं, त्या घरांतल्या बायका ओसरीवर येऊन पालथ्या पडायच्या. आत्याबाई त्या वेळी दारात अशा उभ्या राहायच्या, जशा काही लाथ त्याच मारतायत.

ब्लाउजचं माप

जी बाई स्वतःचं ब्लाउज स्वतः शिवते, तिला तिची पाठ फसवू शकत नाही. माझ्या ब्लाउजची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर जास्त ठेवावी लागायची. मी म्हणायची, एकेकाचा बांधा असतो. चाळिशी आली आणि बोटाची दोन बोटं झाली. आरशात बघितलं की पदर एका बाजूला आपोआप घसरायचा. मग दुखणं कमरेतून उजव्या पायात उतरलं. गावाहून एसटीनं शिरूरला उतरलं, की स्टँडपासून दुकानापर्यंत एका दमात जाता येईना. मध्ये मारुतीच्या पायरीवर बसायचं, पुढं वाकायचं, जरा बरं वाटलं की उठायचं. दुकानात भारनियमनामुळं मोटर बंद, म्हणजे मशीन पायानं मारायचं. पायाला मुंग्या यायच्या, मग काही वेळानं मुंग्याही कळेनाशा व्हायच्या.

आत्याबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या, हातही थांबला नाही.

"पायाळूची पाठ दुखती व्हय कुठं? जिच्याकडं दवा हाय, तिलाच रोग कसा व्हईल?"

नवरा रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "मशीनवर बसून बसून धरली आसंल. जरा चालत जा."

चालताच येत नव्हतं म्हणून तर सांगत होते. शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून आत्याबाईंनी कुणाला न सांगता लांबच्या गावातला एक पायाळू म्हातारा आणला. त्यानं मला पालथी पाडून अशी लाथ हाणली, की आठवडाभर मी कूस बदलू शकले नाही. त्यावर घरात काय ठरलं? पायाळूला पायाळूचा गुण येत नाही. माझी पाठ बिघडलेली असेल असं तरीही कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात ओसरीवर पुन्हा पोतं. एका पायावर उभी राहिले की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, मी दात दाबून लाथ मारायची आणि खाली पडलेला माणूस म्हणायचा, "आता कसं मोकळं वाटलं!"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायाला तेव्हा काहीच कळत नव्हतं, तरी जायची.

फोटो

एका बाजारच्या दिवशी भाजीवाली मागून हाका मारत आली. तिच्या हातात माझी उजव्या पायातली चप्पल होती. ती कधी निघून पडली मला कळलंच नव्हतं. तेवढं अंतर मी एका पायानं अनवाणी चालले होते, उन्हाळ्यात, डांबरावरून. तेव्हा मात्र मी घाबरले. शिरूरच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली होती, आता त्यांनी पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. धागा सैल पडला की शिवण कशी वाकडी पळते, तसा माझा कणा वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला पळाला होता.

"हा बाक लहानपणापासूनचा असणार," ते म्हणाले. "तेव्हा थोडा असेल. वयाबरोबर मणके झिजले, कलले, आणि आता पायाकडं जाणाऱ्या नसा दाबल्या जातायत. आजवर तुमची पाठ कुणी बघितली नाही?"

"गावातल्या सगळ्यांच्या पाठी मीच बघते," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. नवरा खोकला.

मग त्यांनी ऑपरेशन समजावलं. पूर्वी यासाठी मानेपासून कमरेपर्यंत पाठ उघडायचे. आता लहान लहान छेदांतून, कुशीतून आणि पाठीतून, स्क्रीनवर बघत स्क्रू आणि सळया आत सरकवता येतात. स्नायू कापले जात नाहीत, रक्त कमी जातं. तेव्हा ते नवीनच होतं आणि सगळ्यांना जमण्यासारखं नसतं. माझ्या पाठीला जमेल असं त्यांचं मत पडलं.

"पण एक ऐका," ते नवऱ्याकडं बघून म्हणाले, "छेद छोटे आहेत. आतलं काम तेवढंच मोठं आहे. स्क्रूंनी पाठ धरून ठेवायची आणि हाडानं हाडाला जुळायचं, त्याला महिने लागतात. तोवर वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, वजन उचलायचं नाही."

"एका पायावर उभं राहून लाथ मारली तर?" मी विचारलं.

"कुणाला?"

नवरा पुन्हा खोकला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "स्क्रू हाडात सैल झाले, तर परत ऑपरेशन करावं लागेल आणि ते मग छोट्या छेदांतून होणार नाही. तो उजवा पाय तेव्हा सुधारेल याची खात्रीही मी देणार नाही."

बाहेर आलो. मला वाटलं, हा माणूस म्हणेल, घाबरू नकोस. तो म्हणाला, "गावात काय सांगायचं?"

ज्यांच्या घरी नुकतंच कुणाला असं काही निदान झालंय, त्यांना हात जोडून सांगते, हे वाक्य बोलू नका. माझ्या नवऱ्याचं ते वाक्य मला भुलीच्या इंजेक्शनपर्यंत ऐकू येत होतं.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पायाळूचीच पाठ मोडली हे गावाला कळलं तर घराचा गुण गेला, एवढं त्यांना लख्ख समजलं. पण जखमा लहान असणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बारक्या जखमा म्हंजी पोलक्याच्या आत झाकून जात्याल. कुनाला कळायचंबी न्हाई. मावशीकडं दौंडला गेलीया म्हनू."

म्हणजे डॉक्टरांनी माझ्या सोयीसाठी केलेले छोटे छेद यांच्या सोयीचे निघाले.

वॉर्डात

ऑपरेशनच्या आधी मला मरायची भीती नव्हती. भीती पायाची होती. तो गेला तर मशीन गेलं, मशीन गेलं तर दुकान, आणि मग मी या घरात दिवसभर आत्याबाईंसमोर बसून राहणार. ती भीती मरणापेक्षा मोठी होती, हे मी अगदी मनापासून सांगते.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि पाठीत कुणी पहार ठेवल्यासारखं जड वाटत होतं. डॉक्टर पायाशी उभे होते.

"उजवा अंगठा वर करा."

मी जीव एकवटला. वर झाला की नाही मला दिसत नव्हतं. रेखा उशाशी होती, तिनं तोंडावर हात धरला आणि मान हलवली, हो, हो म्हणून. ज्या पायाला सगळा गाव हात जोडायचा, त्याच्या अंगठ्यासाठी त्या दिवशी एकच पोरगी रडली.

रोजचं ठरलेलं होतं. दोन सिस्टर येऊन मला ओंडक्यासारखं एकदम वळवायच्या, खांदा आणि कंबर एकाच वेळी, जरा पुढं-मागं झालं की मी ओरडायची. मग पट्टा बांधायचा, पलंगाच्या कडेला बसवायचं, वॉकर धरून उभं करायचं. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा खिडकीची चौकट मला तिरकी दिसली. सिस्टर म्हणाली, "खिडकी सरळच आहे बाई, तुम्ही सरळ झालात." मी हसले आणि पाठीतून अशी कळ गेली, की हसणंही बंद ठेवलं.

शेजारच्या खाटेवर गोदाबाई होत्या, शिक्रापूरकडच्या, वयस्कर. त्यांची पाठ जुन्या पद्धतीनं उघडली होती. मानेखालून कमरेपर्यंत पट्टी. त्यांच्याकडं भेटणाऱ्यांची रीघ. प्रत्येक जण आल्या आल्या विचारायचा, "टाके किती पडले?" आकडा ऐकून माना हलवायचा, नारळ-बिस्किटं ठेवायचा. माझ्याकडं कुणी यायचं नाही. कशाला येतील? मी तर दौंडला होते. नवरा शिफ्ट सुटल्यावर यायचा, दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक, "गावात कुनाला न्हाई कळलेलं," जशी काही ती माझ्यासाठी आणलेली फळं होती.

गोदाबाईंनी दोन दिवस हे बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडं सुनेच्या माहेरची माणसं आली, तर त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "माझं बास झालं. जा, तिलाबी इचारा, बरी हायस का म्हनून."

आणि ती चार अनोळखी माणसं खरंच माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. "बऱ्या हाय का बाई?" एकानं विचारलं. "टाके किती?" मी म्हणाले, मोजके. तो जरा गोंधळला. गोदाबाई पलीकडून ओरडल्या, "आरं, तिचं आतनं केलंय सगळं! माझ्यापरीस जास्ती लोखंड हाय तिच्यात!" त्या बाईंना मी अजून संक्रांतीला तिळगूळ पाठवते. माझ्या दुखण्याला खरं म्हणणारं पहिलं माणूस त्या होत्या.

चार दिवसांची सवलत

घरी आले तेव्हा रेखा सोबत होती, पण तिला तिच्या संसाराला दौंडला परत जावंच लागलं. ती गेली त्याच दिवशी आत्याबाईंनी पट्ट्याचा विषय काढला. तो साडीवरून दिसतो. कुणी आलं की काढून ठेवायचा. मी नाही म्हटलं, तर कुणी हाक मारली रे मारली, की त्या माझ्या अंगावर शाल टाकायच्या. उन्हाळ्यात.

आणि माणसं यायला लागली. "दौंडासनं आली न्हवं? मग जरा पाय मारायला सांगा." आत्याबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, "बाहेर बसलीया." पाळीचं कारण पुढं केलं की कुणी पाय मागत नाही. पण ते चार दिवस पुरतं. मी नवऱ्याला म्हणाले, आता काय, महिनाभर पाळी सांगणार?

तो वैतागला. "नुसता पाय लावायचा गं. जोर कशाला? जखमा तर भरल्या की तुझ्या. मी बघितल्यात, आता खपल्याबी पडल्या."

इथं मला थांबून सांगायचं आहे. जखमा भरल्या होत्या. हाडं जुळलेली नव्हती. कातडीवर काही दिसत नाही म्हणून आत काही नाही, असं मानणारी माणसं स्वतःच्या ट्रॅक्टरचं बॉनेट मात्र उघडून बघतात. मला त्या दिवसांत इतका राग यायचा, की रात्री जेवण उतरायचं नाही. माझी मोठी चिरफाड झाली असती, मी कण्हत, वाकडी होऊन घरी आले असते, तर याच घरानं मला सहा महिने पलंगावरून उठू दिलं नसतं. बरं ऑपरेशन झालं, हाच माझा गुन्हा ठरला.

आप्पा

एक दिवस सकाळी दारात जीप थांबली. आप्पांना दोघांनी धरून उतरवलं. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना उसण भरली होती. चेहरा घामानं थबथबलेला. आत्याबाईंनी कुठून तरी स्वच्छ पोतं काढून ओसरीवर टाकलं आणि मला आतून ओढून आणलं. पट्टा त्यांनी सकाळीच वाकळांच्या ढिगाखाली दडवला होता, तो मी अर्धा तास शोधत होते.

"शालन, लई तिडीक मारतीया बघ," आप्पा पालथे पडत म्हणाले. "तेवढा पाय मार बाई."

"आप्पा, दवाखान्यात जा," मी म्हणाले.

"दवाखाना हाय की हितंच," ते म्हणाले आणि बरोबरची माणसं हसली.

नवरा माझ्या कानाशी आला. "नुसता लाव. आप्पांना न्हाई म्हनायचं नसतं."

आत्याबाई म्हणाल्या, "मार की गं. मानूस किती येळ पडून ऱ्हाईल?"

मी भिंतीला हात लावला. वर्षानुवर्षांची सवय, अंग आपोआप डाव्या पायावर गेलं. उजवी टाच जमिनीवरून उचलली गेली आणि पाठीत खोल, त्या सळयांच्या बुडाशी, काहीतरी ओढलं गेलं. पाय खाली ठेवला. मग मी वळले, घरात गेले, कपाटामागचं मोठं पाकीट काढलं आणि बाहेर येऊन एक्स-रे उन्हाच्या बाजूला धरला.

"आप्पा, मान वर करा."

"झाली लाथ?" त्यांनी विचारलं. "कळलीबी न्हाई."

"लाथ नाही. हे बघा."

त्यांनी डोळे बारीक केले. "काय हाय ह्ये?"

"पाठ."

"कुनाची?"

"माझी. ह्या सळया. हे स्क्रू. मी दौंडला नव्हते गेले, पुण्याला दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलंय, एका पायावर उभी राहिले आणि हे सैल झालं तर माझा पाय जाईल. या दोघांना ते माहीत आहे."

आप्पा नवऱ्याकडं बघत होते, आत्याबाईंकडं बघत होते. मला वाटलं, आता हा म्हातारा त्यांना झापणार. जन्मात एकदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोलणार.

आप्पा म्हणाले, "म्हंजी मोडक्या पाठीच्या बाईकडनं आमी येवढी वर्सं लाथा खाल्ल्या? फसवलंच म्हना की!"

आणि ते उठले. कुणीही न धरता, इतक्या झटक्यात, की उसण बहुतेक त्या पोत्यावरच राहिली.

मग माझा तोल सुटला. आजवर मूग गिळून बसले होते ते सगळं बाहेर आलं. "तुमच्या पाठीत उसण भरली तर तुम्हाला जीप मिळते," मी ओरडले, "माझी पाठ वाकडी झाली तर मला शाल मिळते, झाकायला! माझा पाय गेला असता तर कुणी लाथ मारून परत आणला असता? तुम्ही आणला असता, आप्पा? आत्याबाई, तुम्ही?" नवरा माझा दंड धरत होता. मी हात झटकला, जपून, कारण कंबर पिळायची नव्हती.

आप्पा पायरी उतरायला लागले. आत्याबाईंनी सवयीनं मला खूण केली, पाया पड.

"पाय लागलाच नाही," मी म्हणाले, "मग पाया कशाला पडू?"

नंतरचे महिने

गावात बोभाटा झाला. लोकांना वाईट वाटलं ते माझं नाही, त्यांनी खाल्लेल्या लाथांचं. ओसरीवर माणसं यायची थांबली. आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांड्यांशी बोलायच्या, गाईशी बोलायच्या, मला ऐकू जाईल असं.

एक दिवस मी अंगणात आले तर माझा पट्टा दोरीवर वाळत होता. अंगणाच्या पुढच्या बाजूच्या दोरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा. नवऱ्यानंच धुतला होता. त्यानंतर पट्टा मी साडीवरूनच बांधला. मी त्याला माफ केलंय का, तर पूर्ण नाही. पण पट्टा तोच धूत राहिला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नव्या फोटोवर बोट ठेवून हाडाचा जुळलेला भाग दाखवला. बाक सगळा गेलेला नाही, तो सगळा जाणारही नव्हता. पण आता मी स्टँडपासून दुकानापर्यंत न बसता जाते. उजव्या पायात चप्पल राहते. खाली पडलेली सुई उचलायला मात्र मला गुडघ्यावर बसावं लागतं, कमरेतून वाकणं कायमचं कमी झालं. देवापुढंही मी उभीच हात जोडते, त्याची काही तक्रार आली नाही.

दुकानात आलेल्या त्या बाईला मी शेवटी हेच सांगितलं. डॉक्टर कितीही छोटे छेद म्हणोत, घरी जाऊन छोटं ऑपरेशन म्हणू नकोस. पट्टा साडीवरून बांध. एक्स-रे कपाटामागं ठेवू नकोस, भिंतीवर लाव, देवाच्या फोटोशेजारी. आणि कुणी "एवढंच?" म्हणालं तर त्याला दुकानात पाठव, त्याच्याशी मी बोलते.

दौंड

वर्षानंतर रेखाचं बाळंतपण दौंडच्या दवाखान्यात झालं. बाहेर बाकावर मी आणि आत्याबाई. एव्हाना त्या कामापुरतं बोलायला लागल्या होत्या. त्यांची स्वतःची कंबर कित्येक महिने धरलेली होती. गावात आता लाथ मारणारं कुणी नव्हतं आणि दवाखान्याचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. उठताना बाकाचा हात धरून दोन-दोनदा प्रयत्न करायच्या, मला दिसत होतं.

नर्स बाळाला घेऊन आली. "मुलगी आहे. आई बरी आहे. पायाळू होतं बाळ, म्हणून सिझर केलं."

आत्याबाई एका दमात उठल्या. "पायाळू?"

नर्सनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी ताठ बसून ते नीट धरलं. लालबुंद, डोळे मिटलेले, मूठ तोंडाशी. आत्याबाईंनी दुपटं सैल केलं आणि बाळाचा उजवा पाय बाहेर काढला. बोटाच्या दोन पेरांएवढा. तो कपाळाला लावला. मग त्या वळल्या, पदर बाजूला केला, माझ्याकडं पाठ करून हळूहळू मागं सरकल्या, बाळाचा पाय कमरेला लागावा म्हणून.

"नुसता लाव," म्हणाल्या. "जोर कशाला?"

मी तो पाय आत घेतला. दुपटं नीट गुंडाळलं आणि टोक खोचलं.

"आत्याबाई, सरका. हिचा पाय कुणाच्या पाठीला लागणार नाही. तुमच्यासुद्धा."

"अगं, पर माझी कंबर लई..."

"दुखतीये. मला दिसतंय," मी म्हणाले. "उद्या तुमच्या पाठीचा फोटो काढायचा. मी येते बरोबर. आणि गावात सगळ्यांना सांगूनच जायचं."

आत्याबाई पदर सावरून, बाकाचा हात धरून खाली बसल्या. दुपट्याच्या आत ती पोर पाय झाडत होती, आणि मी तिला मनसोक्त झाडू दिले.